सांगलीची प्रत

जून महिन्यात, बाहेर अंगाची लाही होत असताना, गळ्यात मफलर आणि अंगात लोकरी कोट घालून कोणी दार उघडलं, तर आपण समजतो की माणूस आजारी आहे. मीही तेच समजले. "काका, तुम्हाला बरं नाहीये का? मी पुन्हा कधीतरी येते," असं म्हणून मी वळणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात एक ब्लँकेट कोंबलं आणि म्हणाले, "वर चला लवकर. बर्फ सुरू होईल आता."

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात नुकतीच राहायला आले होते. ओळखीचं कोणी नव्हतं, आणि एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मी बोलून गेले की मला जरा वेगळे सिनेमे आवडतात. 'वेगळे' म्हणजे माझ्या मनात सबटायटल्सवाले कोरियन खुनाचे सिनेमे होते. तिथल्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं आणि एकजण म्हणाला, "मग तू काकांकडे जायलाच पाहिजे यार!" तो का हसत होता, ते मला त्या शनिवारी दुपारी कळलं.

काका म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या मराठी लोकांचे काका. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, मूळ गाव सांगली. महिन्यातल्या एका शनिवारी ते घरी जुने सोव्हिएत सिनेमे दाखवत. इथल्या घरांना गॅरेजवर एक जास्तीची खोली असते, तिला बोनस रूम म्हणतात. इतरांच्या बोनस रूममध्ये ट्रेडमिल आणि न उघडलेली खोकी असतात. काकांनी तिथे पडदा लावला होता, खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं आणि एसी इतका खाली आणला होता की बोलताना तोंडातून वाफ येईल की काय असं वाटावं. "रशियन सिनेमा उकाड्यात बघणं म्हणजे श्रीखंड गरम करून खाणं," असं त्यांचं म्हणणं. खाली स्वयंपाकघरातून काकू हळूच फोनवरून थर्मोस्टॅट वर ढकलत. मग पडद्यावर हिमवादळ चाललेलं असताना आम्हाला घाम फुटायचा आणि काका जिन्यावरून ओरडायचे, "अगं, अजून हिवाळाच चालू आहे!"

त्या खोलीचे कायदे कडक होते. पॉपकॉर्न बंद, कारण ते वाजतं. त्याऐवजी मध्यंतरात उपमा, कारण उपम्याला आवाज नसतो. सिनेमा कळला नाही तरी चालेल, पण मध्येच उठायचं नाही. झोप लागली तर हरकत नव्हती. घोरणाऱ्याचे मात्र दिग्दर्शकाशी मतभेद आहेत असं धरलं जाई. आणि 'बोअर झालं' हा शब्द तर घरात उच्चारायचीच सोय नव्हती. "बोअर झालं नाही म्हणायचं," काका समजावून सांगत, "मी कमी पडलो, असं म्हणायचं." नागपूरचा एक जण ब्लँकेटखाली फोन धरून क्रिकेटचा स्कोअर बघत असे. काकांनी विचारलं की तो लगेच म्हणायचा, "काका, आज मी फार कमी पडलो." बिचाऱ्यांना तो नम्रपणा वाटायचा.

सिनेमाआधी भाषण असे. ते साधारण सिनेमाएवढंच लांब असे, फक्त त्यात घोडा नसे; घोड्याचं पुढे सांगते. काका बोलायला लागले की त्यांना काळवेळ राहत नसे. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्यांनी मला एका शॉटमधला उजेड समजावलेला आहे, आणि मागे रांगेत उभी असलेली बाई शेवटी कोथिंबिरीशिवाय निघून गेलेली मी पाहिली आहे. गाडीही ते याच चालीवर चालवत. हिरवा दिवा लागला तरी जरा थांबायचे, लगेच निघणं त्यांना उथळपणाचं वाटायचं.

हा धीर त्यांना नोकरीतून आला होता असं माझं मत. जन्मभर ते औषधाच्या कंपनीत होते आणि त्यांचं काम एकच: नव्या गोळ्या ठरावीक उष्णतेच्या, ठरावीक दमटपणाच्या कपाटात ठेवायच्या आणि त्या कधी बिघडतात त्याची वाट बघायची. महिने जायचे, वर्षं जायची. काहीच घडलं नाही की साहेब खूश व्हायचे. अशा माणसाला तीन तास काहीही न घडणारा सिनेमा म्हणजे जणू घरचंच काम.

तर त्या पहिल्या शनिवारी मी ब्लँकेट लपेटून बसले. सिनेमा जुना, काळापांढरा. त्याचं रशियन नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, आम्ही त्याला 'नावाड्याचा सिनेमा' म्हणायचो. एक म्हातारा नावाडी आहे. नदी गोठलेली आहे, त्यामुळे त्याला काम नाही. शहरात गेलेला मुलगा घरी यायला निघालाय आणि म्हातारा त्याची वाट बघतोय, एवढीच गोष्ट. थोड्या वेळाने पडद्यावर एक घोडा आला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. तो उभा राहिला तो राहिलाच. मी भोवती बघितलं, कोणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, सगळे संकोचाने गप्प आहेत. मी उठले आणि म्हटलं, "काका, अडकलंय वाटतं. राउटर कुठे आहे? मी रीस्टार्ट करते."

"खाली बस," अंधारातून आवाज आला. "अडकलेलं नाहीये. तो विचार करतोय."

मी बसले. घोड्याचा विचार पुढे बराच वेळ चालला.

आता माझं काम सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टींत चुका शोधायच्या, याचेच मला पैसे मिळतात, आणि ही सवय ऑफिसातून घरी येताना गाडीत ठेवून येता येत नाही. सिनेमात पुढे नावाडी मरतो. वाट बघता बघता, खुर्चीत बसल्या बसल्या. शेजारी येतात, टोप्या काढतात, दिवा विझवतात. सगळं अगदी रीतसर. आणि त्यानंतर दार उघडतं, मुलगा आत येतो, अंगावरचं बर्फ झटकतो, आणि आतल्या खोलीतून तोच म्हातारा समोवार, म्हणजे चहाचं रशियन भांडं, घेऊन बाहेर येतो, मुलाला चहा ओतून देतो, मुरंब्याची बशी पुढे सरकवतो. दोघं एक शब्द न बोलता चहा पितात. पुढे थोडं बर्फ वितळतं आणि सिनेमा संपतो.

दिवे लागल्यावर मी सरळ विचारलं, "काका, हा मघाशी मेला होता ना?"

देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघतात, तशा नजरेने लोकांनी माझ्याकडे बघितलं. काकांचा चेहरा मात्र उजळला. ते या प्रश्नाचीच वाट बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि आपला सिद्धांत मांडला. तो असा: दिग्दर्शकाने सिनेमा मुळात असाच केला होता, आधी मरण आणि मग चहा. पण सोव्हिएत सरकारला हे कसं चालणार? मेलेला माणूस परत येतो म्हणजे अंधश्रद्धा. म्हणून सेन्सॉरने तो सरळ करून टाकला, आधी चहा आणि मग मरण. पुढे जगभर ती सरळ केलेली प्रतच गेली. डीव्हीडीवर तीच, इंटरनेटवर तीच. मूळ प्रत जगात फक्त एका ठिकाणी दाखवली गेली.

"कुठे?" मी विचारलं.

"सांगलीला," काका म्हणाले.

म्हणून ते घरी सिनेमा दाखवताना रिमोटने पुढेमागे उड्या मारून सांगलीचा क्रम लावून घेत. ती खटपट मला अंधारात दिसली होती; मला वाटलं होतं, काकांना रिमोट जमत नाही.

खरी हकिगत काकूंनी स्वयंपाकघरात सांगितली, उपम्याच्या पातेल्याला लागलेली खरवड काढता काढता. काकू बुटक्या, गोल, बोलायला फटकळ आणि हसताना आवाज न करता नुसत्या हलणाऱ्या. त्यांच्या तरुणपणी सांगलीत एक फिल्म मंडळ होतं आणि काका त्याचे सेक्रेटरी. रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये खेळ व्हायचा. रशियन सिनेमांची रिळं मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून यायची आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. "सभासद पुष्कळ होते हो," काकू म्हणाल्या, "निम्मे तर परदेशी सिनेमात 'तसलं' काहीतरी बघायला मिळेल म्हणून आलेले. आणि बघायला मिळाला घोडा."

आधीच्या गावात कोणीतरी रिळं परत भरताना डब्यांची अदलाबदल केली होती. सांगलीच्या ऑपरेटरने डब्यावरच्या आकड्याप्रमाणे रिळं लावली. म्हातारा मेला आणि पुढच्या रिळात चहा द्यायला आला.

"दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी आरडाओरडा केला असता, खुर्च्या वाजवल्या असत्या," काकू म्हणाल्या. "पण आमचे सगळे शहाणे! परदेशी आर्ट फिल्म म्हणजे ती कळता कामा नये, हे सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं. कॉलेजचे प्राध्यापक, बँकेतले, वकील, सगळे माना डोलवायला लागले. मी भावाबरोबर गेले होते. मी आपलं मोठ्यांदा विचारलं, अहो, हा मघाशी मेला होता ना? तर पुढच्या रांगेतून एक माणूस वळला आणि मला म्हणाला, शूऽऽ!"

"काका?"

"मग कोण! नंतर तिथेच उभं राहून भाषण केलं, मृत्यूच्या पलीकडचा चहा म्हणून. पेपरात यांचा लेखसुद्धा आला. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि दोन महिन्यांनी हे आमच्याकडे मला बघायला आले. भावाला म्हणाले, मुलगी सिनेमा लक्ष देऊन बघते."

अमेरिकेत आल्यावर कित्येक वर्षांनी काकांना त्या सिनेमाची डीव्हीडी मिळाली. त्यांनी ती लावली, आणि त्यात मुलगा आधी आला, चहा प्याला आणि म्हातारा शेवटी मेला. काका दोन दिवस जेवले नाहीत. ॲसिडिटी झाली म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ते सेन्सॉरचा सिद्धांत घेऊनच. "मला कळत होतं खरं काय झालं असेल ते," काकू म्हणाल्या. "पण माणूस जेवायला लागला होता ना. मी म्हटलं, असेल बाई सेन्सॉर."

मी त्या घरची होऊन गेले. टेस्टरला काकूंसारखी बाई आवडणारच. काकांनी मला पदवी दिली, ऑपरेटर. त्यांच्या रिमोटच्या उड्या थांबाव्यात म्हणून मी लॅपटॉपवर सिनेमा कापून त्यांच्या क्रमाने जोडून दिला. फाइलला नाव काय देऊ विचारलं, तर म्हणाले, "मूळ." दुसरी जी सगळ्या जगाकडे आहे तिला त्यांनी नाव दिलं, "सरकारी." दोन्ही माझ्या लॅपटॉपवर होत्या. वर्षातून एकदा तरी नावाड्याचा सिनेमा व्हायचा आणि दर वेळी मी गंमत बघायची. आधी चुळबुळ, जांभया, उशी मागणं, सगळं असायचं. पण तो चहाचा प्रसंग आला की ब्लँकेटखालचे फोनसुद्धा विझायचे. नागपूरवाला तर एकदा चष्मा काढून पुसत बसला होता. मी मनात म्हणायची, या चुकीत काहीतरी आहे खरं.

मग ती रशियन बाई आली.

काकूंची तिची ओळख तळ्याकाठच्या ट्रेलवर झाली. रोज सकाळी दोघी समोरासमोर यायच्या, पुढे बरोबर चालायला लागल्या. बाई आधी दातांच्या डॉक्टर होत्या, आता मुलीकडे राहत होत्या. बाईंचं इंग्रजी तोडकंमोडकं, काकूंचं घाईचं, पण सुनांबद्दल आणि जावयांबद्दल बोलायला फार भाषा लागत नाही. एकदा काकूंनी नवऱ्याच्या वेडाची चेष्टा करताना गोठलेली नदी, नावाडी, घोडा असं सगळं सांगितलं. बाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "हा मी पाहिलाय. आमच्याकडे लागला तेव्हा. पहिल्याच आठवड्यात."

हे काकांना कळलं आणि घराचं लग्नघर झालं. पन्नासेक वर्षांनी साक्षीदार सापडला होता! तोही परका नव्हे, त्या मातीतला, पहिल्या खेळाला हजर असलेला. काकांनी तरुणपणी शिकलेली रशियन भाषा बाहेर काढली आणि आरशासमोर स्वागताचं भाषण पाठ करायला लागले. सगळ्यांना स्वतः फोन केले. "या शनिवारी निकाल लागणार," असंच म्हणाले. मला बजावलं, "मूळच लाव. बाईंनी तिकडे सरकारी पाहिलेली असणार, किंवा कोण जाणे, सेन्सॉरच्या आधीची पाहिली असेल. आपण काही सांगायचं नाही. त्यांच्या तोंडून येऊ दे."

मी काकूंना म्हटलं, "काकू, आता तुमचा नंबर. इतक्या वर्षांनी जिंकणार तुम्ही."

काकूंनी हातातला डाव खाली ठेवला. "मला नाही गं जिंकायचं," त्या म्हणाल्या. "हे त्या सिनेमावर उभे आहेत. नोकरीत कोणी विचारलं नाही, मुलं लांब गेली, पण सांगलीत त्या दिवशी यांना जे दिसलं ते कोणालाच दिसलं नव्हतं, एवढं एक यांच्याजवळ आहे. ते आज त्या बाईसमोर मोडलं तर मी काय करू?"

हे ऐकल्यावर मला हसायचं सुचलं नाही. वर जाऊन मी फाइल लावली तेव्हा मनातून मी देवाला म्हणत होते, बाईंना काही आठवू नये.

बाई आल्या. काकांचं रशियन भाषण त्यांनी फार सभ्यपणे ऐकलं आणि मग इंग्रजीत विचारलं, "ही कुठली भाषा?" काका हसले. सिनेमा सुरू झाला. घोडा आला. बाई काकूंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या आणि दोघी हलायला लागल्या. पुढे म्हातारा मेला, टोप्या निघाल्या, दिवा विझला. बाई पर्स उचलून उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात दार उघडलं, मुलगा आला आणि मागून समोवार घेऊन म्हातारा आला. बाई पुन्हा खाली बसल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

दिवे लागले. भाषण झालं नाही. काका बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले, शाळेत निकालपत्रक घ्यायला उभं राहतात तसे. "तुमच्याकडे," त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलात तेव्हा, असाच होता ना?"

बाईंनी आधी तिकडची हकिगत सांगितली. कारखान्याच्या क्लबात सिनेमा लागला होता. नाव ऐकून लोकांना वाटलं लढाईचा असेल, म्हणून गर्दी झाली. घोडा आला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, मशीन बंद पडलंय, बघा! त्यानंतर खुर्च्यांचे आवाज सुरू झाले आणि माणसं निघाली. बाईंबरोबर आलेला तरुणही निघून गेला. "मी बसून राहिले," बाई म्हणाल्या, "कारण हॉलमध्ये हीटिंग होतं आणि आमच्या होस्टेलमध्ये नव्हतं. म्हणून मला शेवट माहीत आहे. मुलगा वेळेवर येतो. दोघं चहा पितात. मग म्हातारा मरतो आणि सिनेमा संपतो. तुमचा कोणी उलटा केला?"

"उलटा नाही," काका म्हणाले. "तुमच्याकडे सेन्सॉरने..."

"सेन्सॉर?" बाई हसल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. "मित्रा, त्यांना काही कापायचंच असतं, तर त्यांनी आधी घोडा कापला असता."

खोलीत हशा पिकला. मीही हसले, आणि हसताना माझं लक्ष काकांकडे गेलं. ते हसत नव्हते. त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि हातात धरला. काकू दारात उभ्या होत्या, इतक्या वर्षांत त्यांना ज्याची खात्री होती तेच भर सभेत सिद्ध झालं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऑपरेटर," काका मला म्हणाले, "सरकारी लाव. शेवटचा भाग."

मी लावला. कोणी उठलं नाही. मुलगा आला, चहा झाला, आणि मग म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या गेला. काका पहिल्या रांगेत ताठ बसून बघत होते. संपल्यावर ते उठले. आम्हाला वाटलं, आता भाषण. ते म्हणाले, "हाच बरोबर आहे. आम्ही चुकीचा पाहिला." आणि काकूंकडे वळून, सगळ्यांसमोर, "तू विचारलं होतंस. मी तुला गप्प केलं."

"जेवायला चला आता," काकू म्हणाल्या.

बाईंना दारापर्यंत सोडायला काका गेले. मला वाटलं होतं, या माणसाने आता अंथरूण धरलं. पण काकांचा स्वभाव मला कळला नव्हता हेच खरं. खोटं कळल्यावर ते खोटं घेऊन बसणाऱ्यांतले ते नव्हते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नवं काम काढलं. सांगलीच्या त्या रविवारच्या सकाळी जे हजर होते आणि अजून हयात आहेत, त्यांना शोधून फोन करायचे आणि चूक दुरुस्त करायची. "मीच सांगितलं होतं त्यांना, मीच सुधारलं पाहिजे," ते म्हणाले. सकाळी आठ वाजता, म्हणजे तिकडे संध्याकाळी, ते फोन घेऊन बसत.

पुढे लवकरच मी नोकरी बदलून जर्सी सिटीला आले. रविवारी सकाळी काकांचा फोन यायचा आणि मला मोहिमेचा अहवाल मिळायचा. मोहीम सपशेल फसत होती. कोणी ऐकूनच घेत नव्हतं. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "तू कोण मला सांगणार? मी तिथे होतो." एक वकील म्हणाले, "अरे, आधी मरण मग चहा, तूच तर तासभर बोलला होतास! अमेरिकेत राहून तुझी बुद्धी सरळ झाली." तिसऱ्याने तर काकांनाच काकांचा जुना लेख तोंडपाठ म्हणून दाखवला आणि वर म्हणाला, हे ज्याने लिहिलं तो माणूस राहिला नाही. काका फोनवर मला म्हणायचे, "लोक किती हट्टी असतात बघ." पाठीमागे काकू हलताहेत, हे मला फोनवरूनही कळायचं.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा काकांचा आवाज वेगळा होता. यादीतला त्यांचा एक मित्र राहिला होता. शाळेपासूनचा, त्या दिवशी टॉकीजमध्ये काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. बरेच दिवस त्याचा नंबर मिळत नव्हता. आता तो बिछान्याला खिळलाय, मुलीने फोन त्याच्या कानाशी धरला.

"मी त्याला म्हटलं, अरे, तो नावाड्याचा सिनेमा आठवतो का? त्याबद्दल एक सांगायचंय," काका मला सांगत होते. "तर तोच बोलायला लागला. म्हणाला, तुला माहीत नसेल, मी कोणाला बोललो नाही. त्या सिनेमाच्या आधीच्याच आठवड्यात माझे वडील गेले होते. मी नोकरीला मुंबईत. तार मिळून पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आईने विचारलं, इतका उशीर का रे? त्या रविवारी घरात बसवेना म्हणून तुझ्याबरोबर आलो. आणि तो मुलगा उशिरा आला, तरी बापाने त्याला चहा दिला. एक शब्द बोलला नाही रे, उशीर का केलास म्हणून. मी त्यावर निभावलो. इतकी वर्षं."

माझे बाबा गेले तेव्हा मी व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळवण्यात इथेच अडकले होते, वेळेवर पोचले नाही. हे मी काकांना कधी सांगितलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं. "तुम्ही त्याला सांगितलंत?"

"त्याने विचारलं, असाच होता ना रे तो सिनेमा? मुलीला सांगतो तर तिला खरं वाटत नाही."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, फोन दे मुलीकडे," काका म्हणाले. "आणि तिला सांगितलं, बाबा म्हणताहेत तसाच होता. मी शेजारीच बसलो होतो."